सासूबाईंसाठी वेगळा शोध, नवऱ्यासाठी वेगळा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नाशिकच्या, राहता सॅन होजेला. नवरा कॅलिफोर्नियात जन्मलेला, मेक्सिकन कुटुंबातला. सासू-सासरे मेक्सिकोच्या वाहाका राज्यातून आले आणि माडेराच्या द्राक्षमळ्यांत त्यांनी आयुष्य काढलं. वर्षापूर्वी सासरे गेले. तेव्हापासून सासूबाईंची झोप उडाली आहे, छातीत धडधडतं, जेवण निम्म्यावर आलंय, आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात गेलेल्या नवऱ्याचा आवाज येतो असं त्या सांगतात. तिथल्या एका दवाखान्यात स्क्रीनवरच्या स्पॅनिश दुभाष्यामार्फत त्यांना विचारलं गेलं, "आवाज ऐकू येतात का?" त्या हो म्हणाल्या आणि भास होणाऱ्या पेशंटला देतात ते औषध घेऊन घरी आल्या. इकडे नवरा दर शनिवार-रविवारी माडेराला जातो, रात्री जागा असतो, लहानसहान गोष्टींवर खेकसतो. ऑफिसकडून मोफत मिळणाऱ्या समुपदेशनाला तो दोनदा गेला. थेरपिस्ट म्हणाली, "आईच्या बाबतीत सीमारेषा आखायला शिका." तो परत गेला नाही. तुम्ही विचारताय, लॅटिनो माणसाला समजून घेणारा थेरपिस्ट शोधायचा कुठे?

मी क्लिनिकल सोशल वर्कर आहे. कॅलिफोर्नियातल्या एका सामुदायिक दवाखान्यात बरीच वर्षं काम करतेय आणि माझे बहुतेक पेशंट घरी स्पॅनिश बोलणारे आहेत. स्पॅनिश मी इथे कामावरच शिकले. त्यात कोल्हापुरी हेल येतो, पेशंट हसतात आणि मग मोकळेपणाने बोलतात. औषधं लिहून देण्याचा अधिकार मला नाही, त्यामुळे औषधांबद्दल बेतानेच बोलेन.

माझ्या मते तुमच्यापुढे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकत्र बांधल्यामुळे तुमची दमछाक होतेय. सासूबाईंचा प्रश्न भाषेचा आहे, आणि चुकीचं निदान झालं असण्याची शक्यता आहे. नवऱ्याला इंग्रजी उत्तम येतं. त्याच्या आयुष्यात आईची जागा कुठे आहे हे समोरच्या बाईंना कळलं नाही, ही त्याची अडचण. दोघांसाठी एकच 'लॅटिनो थेरपिस्ट' शोधत बसलात तर कोणाचंच काम होणार नाही.

आधी सासूबाईंचं बघू, कारण तिकडे औषध सुरू झालंय.

तुमच्या मजकुरात एक वाक्य ओझरतं आलंय: बहिणीशी फोनवर त्या "वेगळ्याच भाषेत" बोलतात, नवऱ्यालाही ती अर्धवटच कळते. मला वाटतं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. वाहाकामधून माडेरा-फ्रेझ्नो भागात शेतमजुरीला आलेल्या पुष्कळ कुटुंबांची मातृभाषा स्पॅनिश नाही. ती मिश्तेको, सापोतेको किंवा त्रिकी असते. स्पॅनिश या घरांतल्या बायका शाळेत किंवा मळ्यात शिकलेल्या असतात; बाजारहाट, फोरमनशी बोलणं त्यात भागतं. नवरा गेल्याचं दुःख त्या भाषेत सांगता येईलच असं नाही. सासूबाईंची भाषा यांपैकी कोणती हे नवऱ्याला विचारा, आणि त्यांच्या गावाचं, नगरपालिकेचं नाव नक्की विचारून घ्या. मिश्तेको ही एक भाषा म्हणून नोंदली जात असली तरी एका भागातली बोली दुसऱ्या भागातल्या माणसाला कळत नाही, इतका फरक असतो. "मिश्तेकोचा दुभाषी हवा" एवढंच सांगितलं तर भलत्याच गावचा दुभाषी समोर येऊन दोघंही गोंधळतात.

असा दुभाषी मिळाला की बहुधा साखळी तयार होते. डॉक्टर इंग्रजीत विचारतात, पहिला दुभाषी ते स्पॅनिशमध्ये सांगतो, दुसरा स्पॅनिशमधून मिश्तेकोत, आणि उत्तर त्याच वाटेने उलटं येतं. वेळ दुप्पट लागतो. म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच दुप्पट वेळ मागून घ्या. फ्रेझ्नोत सेंत्रो बिनासिओनाल ही वाहाकाच्या मूलनिवासी लोकांनी १९९३ मध्ये सुरू केलेली संस्था आहे. तिचं पूर्ण नाव बरंच लांब आहे, पण 'सेंत्रो बिनासिओनाल' एवढ्यावर तिकडे कोणीही सांगेल. मूलनिवासी भाषांच्या दुभाष्यांचं काम त्यांना चांगलं माहीत आहे. माझा पहिला फोन मी तिथे केला असता, थेरपिस्टला नंतर.

दुभाषी हा पेशंटचा हक्क आहे आणि त्याचे पैसे पेशंटने द्यायचे नसतात. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्याला १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने आणि पुढे ओबामांच्या काळातल्या आरोग्य कायद्याच्या १५५७ व्या कलमाने हे बंधन घातलंय. मेडिकेअर (वयस्करांचा सरकारी विमा) आणि मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा) घेणारा जवळजवळ प्रत्येक दवाखाना यात येतो. लहान मुलांना दुभाषी म्हणून बसवणं तातडीच्या प्रसंगाखेरीज चालत नाही. तरी ते रोज घडतं. आमच्याकडे एकदा दहा-अकरा वर्षांचा नातू आजीसोबत आला होता. आजी बराच वेळ खालच्या आवाजात बोलली. नातवाने बुटाच्या नाडीकडे बघत इंग्रजीत सांगितलं, "आजी म्हणते, ती दमलीये." आजी प्रत्यक्षात म्हणाली होती की सकाळी जाग येते तेव्हा आपण का उठलो असं वाटतं. मला स्पॅनिश येत होतं म्हणून कळलं. आणि कळून मी तरी त्या पोराला काय दोष देणार? त्याने आजीला सांभाळून घेतलं होतं. तुमचा नवरा मोठा आहे, पण आईचं असं बोलणं तोही गाळेल, आणि आईही मुलासमोर बोलणार नाही. त्याला या कामातून मोकळं करा.

आता त्या आवाजाबद्दल. गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू येणं, तो खोलीत असल्यासारखं वाटणं, हे दुःखाच्या काळात अनेक समाजांत, अनेक धडधाकट माणसांना होतं. त्यातून वाहाकाच्या खेड्यातल्या बाईच्या जगात मेलेली माणसं पूर्ण गेलेली नसतातच. दफनानंतर नऊ दिवस रोजरीची, म्हणजे कॅथलिक जपमाळेची, प्रार्थना होते, वर्षाने पुन्हा होते, आणि १ व २ नोव्हेंबरला घरात वेदी मांडून त्यांच्या आवडीचं खाणं ठेवतात. वेदीवर झेंडू असतो. आपण दसऱ्याला तोरणात ओवतो तोच झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिकडे तो मृतांना घरची वाट दाखवायला. अशा बाईला "आवाज ऐकू येतात का" असं सुटं विचारलं तर ती खरं उत्तर देणार आणि कागदावर मात्र ते मनोविकाराचं लक्षण म्हणून उतरणार. माझ्यासमोर त्या असत्या तर मी विचारलं असतं: कोणाचा आवाज? कोणत्या वेळी? काय म्हणतात ते? ऐकून बरं वाटतं की भीती वाटते? काही करायला सांगतात का? नवरा संध्याकाळी "कॉफी ठेव" म्हणतो आणि ऐकून रडू येतं, ही एक गोष्ट. आवाज धमकावतोय, "माझ्याकडे ये" म्हणतोय, किंवा त्यासाठी त्यांनी खाणं सोडलंय, ही पूर्ण वेगळी गोष्ट. लांबून मला यातलं काय आहे ते सांगता येणार नाही, तुम्हालाही नाही. पण हे प्रश्न विचारले गेले नाहीत एवढं तुमच्या वर्णनावरून दिसतं.

मानसोपचाराच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेतही याची सोय आहे, फक्त ती वापरली जात नाही. २०१३ च्या आवृत्तीत सांस्कृतिक मुलाखतीचे १६ प्रश्न दिले आहेत: तुमच्या मते हा त्रास काय आहे, कशामुळे झाला, घरचे त्याला काय म्हणतात, आधी कोणाकडे गेला होतात, वगैरे. त्याच पुस्तिकेत वेगवेगळ्या समाजांत त्रास कसा सांगितला जातो याची एक छोटी यादी आहे. तीत लॅटिनो लोकांकडचे 'नेर्व्हिओस' (सतत जीव घाबरा असणं), 'आताके दे नेर्व्हिओस' (रडण्या-ओरडण्याचा अचानक झटका) आणि 'सुस्तो' (धसका) आहेत, आणि भारतातला 'धात'ही आहे. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत लांबलेल्या दुःखाचं स्वतंत्र निदान आलं. मोठ्या माणसाच्या बाबतीत ते करायला मृत्यूला किमान १२ महिने झालेले असावे लागतात, आणि दुःख त्या माणसाच्या समाजाच्या, धर्माच्या रीतीपेक्षा स्पष्टपणे जास्त असावं लागतं. म्हणजे रीत काय आहे हे विचारल्याशिवाय निदान पुरं होत नाही.

औषध मात्र परस्पर बंद करू नका. "चुकीचं दिलंय" असं माझ्या लिहिण्यावरून ठरवू नका. लिहून देणाऱ्याला फोन करून पुन्हा तपासणी मागा, या वेळी योग्य दुभाष्यासह, आणि म्हणा की आवाज गेलेल्या नवऱ्याचा आहे हे मागच्या वेळी सांगायचं राहिलं. या वयात अशा औषधांनी गुंगी येते, तोल जातो, तेही विचारा. छातीतली धडधड, झोप आणि भूक यांसाठी थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन आणि हृदय तपासून झालंय का ते बघा. "सगळं मनाचं आहे" असं ठरवून शरीर तपासायचं राहून जाणं मी फार वेळा पाहिलंय.

घरगुती उपायांबद्दलही डॉक्टरांना सांगा. सासूबाईंनी एखाद्या कुरांदेराकडून, म्हणजे पारंपरिक उपचार करणारीकडून, 'लिंपिया' करून घेतली असेल: अंगावरून अंडं आणि पाल्याची जुडी फिरवतात, थोडंफार आपल्या दृष्ट काढण्यासारखं. त्याने काही बिघडत नाही आणि पुष्कळांना बरं वाटतं. काढे मात्र विचारून घ्यावेत. 'येर्बा दे सान हुआन' (इंग्रजीत सेंट जॉन्स वर्ट) नावाची वनस्पती नैराश्याच्या औषधांबरोबर घेतली तर घातक ठरू शकते. हे विचारल्यावर जो डॉक्टर नाक मुरडतो त्याला पेशंट पुढच्या वेळी काहीच सांगत नाही. म्हणून डॉक्टर या प्रश्नावर कसा वागतो तेही बघून ठेवा.

कुठे जायचं? माडेरात कामारेना हेल्थ हे सामुदायिक आरोग्य केंद्र आहे, फ्रेझ्नो भागात क्लिनिका सिएरा व्हिस्ता आणि युनायटेड हेल्थ सेंटर्स आहेत. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या अशा केंद्रांत पैसे नाहीत म्हणून कोणाला परत पाठवत नाहीत, उत्पन्नाप्रमाणे फी ठरते, आणि बऱ्याच ठिकाणी शरीराचा डॉक्टर आणि मनाचा सल्लागार एकाच इमारतीत असतात. सासूबाईंच्या पिढीला हे फार सोयीचं पडतं. "डोक्याच्या डॉक्टरकडे" गेल्याचं शेजारणीला कळत नाही. साखर तपासायला गेल्या, एवढंच. लोक काय म्हणतील याची धास्ती तिकडेही आपल्याइतकीच आहे.

त्यांच्याकडे मेडिकेअर आणि मेडी-कॅल (मेडिकेडचं कॅलिफोर्नियातलं नाव) दोन्ही असल्याचं तुम्ही लिहिलंय, ते चांगलंच. एक बदल बऱ्याच जणांना माहीत नाही: जानेवारी २०२४ पासून विवाह व कुटुंब थेरपिस्ट आणि समुपदेशकांनाही मेडिकेअरचे पैसे मिळू लागले. कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणारे खूप थेरपिस्ट नेमके याच परवान्याचे आहेत. आधी कोणी "मेडिकेअर घेत नाही" म्हणून नाही म्हटलं असेल तर पुन्हा विचारा. मेडी-कॅलमध्ये जुलै २०२२ पासून सामुदायिक आरोग्य कार्यकर्तीची सेवाही मिळते. स्पॅनिशमध्ये तिला 'प्रोमोतोरा' म्हणतात. ती गावातलीच बाई असते, घरी येते, सोबत दवाखान्यात येते. माझा अनुभव असा की साठी ओलांडलेल्या शेतमजूर बायका आधी प्रोमोतोराशी बोलतात आणि तिने हात धरून आणलं तरच माझ्यासमोर बसतात. थेरपिस्टआधी प्रोमोतोरा मागा. तिकडच्या रेडिओ बिलिंग्वेवर 'ला ओरा मिश्तेका' नावाचा कार्यक्रम लागतो, तो सासूबाई ऐकत असण्याची शक्यता आहे. त्यावरून गप्पा सुरू केल्यात तर "तुम्हाला बरं नाही, चला" यापेक्षा बरं.

ज्यांच्या घरात कोणाची कागदपत्रं नाहीत अशा वाचकांसाठी दोन वाक्यं. या केंद्रांत उपचारासाठी स्थलांतराचा दर्जा सांगावा लागत नाही. पण जानेवारी २०२५ मध्ये दवाखाने-शाळांजवळ इमिग्रेशनच्या कारवाया टाळण्याचं जुनं केंद्रीय धोरण रद्द झालं, आणि जानेवारी २०२६ पासून कॅलिफोर्नियाने कागदपत्रं नसलेल्या प्रौढांची मेडी-कॅलमधली नवी नोंदणी थांबवली. त्यामुळे विम्याचा अर्ज भरण्याआधी मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या वकिलाला विचारा, आणि फोनवर किंवा व्हिडिओवर भेट मिळते का ते बघा.

सासूबाई कधी म्हणाल्या की आता जगायचं नाही, किंवा खाणंपिणं, औषधं पूर्ण सोडली, तर या सगळ्या रांगेत थांबू नका. ९८८ ही मानसिक संकटातली हेल्पलाइन लावून २ दाबलं की स्पॅनिश बोलणारं माणूस मिळतं, रात्री-बेरात्रीसुद्धा. लिहून बोलणं सोपं वाटत असेल तर त्याच क्रमांकावर 'आयुदा' हा शब्द स्पॅनिश स्पेलिंगने पाठवायचा. जिवाला धोका दिसला तर ९११.

तर तिकडचा क्रम असा: गावाचं नाव, योग्य दुभाषी, औषधाची फेरतपासणी, मग प्रोमोतोरा, आणि शेवटी थेरपिस्ट.

आता नवऱ्याकडे येते.

"सीमारेषा आखा" हा सल्ला मुळात वाईट नाही. मीही देते, पण फार उशिरा. त्या थेरपिस्टने तो दुसऱ्याच भेटीत दिला, आणि ज्याचे वडील वर्षभरापूर्वी गेलेत त्याला दिला. तिच्या मनात मोठं झालेलं मूल म्हणजे घरापासून सुटं झालेलं मूल असा साचा असणार. तुमच्या नवऱ्याच्या घरात थोरल्या मुलाने आईकडे बघणं हीच मोठेपणाची खूण आहे. त्याने लहानपणी आईवडिलांची पत्रं वाचली असतील, बँकेत, शाळेत, दवाखान्यात त्यांच्या वतीने बोलला असेल. आता वडिलांची खुर्चीही त्याच्याकडे आली. अशा माणसाला आई सोडायला सांगितलं की तो थेरपी सोडतो. तुम्हाला हे वेगळं समजवायला नको. पुण्या-मुंबईतला थोरला मुलगा याहून वेगळा नसतो.

त्याला लॅटिनोच थेरपिस्ट हवा का? हे त्यालाच विचारा, तुम्ही ठरवू नका. माझं मत असं की भाषा आणि आडनाव यांनी दार उघडतं, पण आत काय मिळेल याची हमी नसते. २०२० च्या जनगणनेत अमेरिकेत ६ कोटी २० लाखांहून जास्त लोकांनी स्वतःला हिस्पॅनिक किंवा लॅटिनो म्हटलंय. त्यात ब्युनोस आयरेसच्या डॉक्टरची मुलगी आहे, प्वेर्तो रिकोचा जन्मतः अमेरिकन नागरिक असलेला शिक्षक आहे, एल साल्वादोरच्या युद्धातून पळालेला सुतार आहे आणि तुमच्या सासूबाईही आहेत. मेक्सिकन लोकांमध्येच वाहाकाच्या मूलनिवासींना हिणवण्यासाठी 'वाहाकीता' (वाहाकाचा चिमुरडा) म्हणतात. ऑक्सनार्डमध्ये २०१२ साली शाळांतून हा शब्द हद्दपार करा म्हणून मोहीम झाली होती. हिणवणारी मुलंही स्पॅनिशच बोलणारी. मेक्सिको सिटीच्या सुखवस्तू घरातला थेरपिस्ट तुमच्या नवऱ्याच्या आजोळाबद्दल काय समजूत बाळगून आहे ते त्याच्या आडनावावरून कळत नाही. आपल्यातही मराठी आडनावाचा डॉक्टर समोर आला म्हणून आपली वस्ती, आपली जात, आपली बोली त्याला कळते असं थोडंच आहे?

शिवाय माणसंच कमी आहेत. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१५ च्या पाहणीत स्पॅनिशमध्ये उपचार देऊ शकणारे मानसशास्त्रज्ञ साडेपाच टक्क्यांच्या आसपास होते. जे आहेत त्यांच्याकडे लांब रांग आहे. नवऱ्याचं इंग्रजीत भागतं, तर रांगेतली ती जागा त्याने अडवायलाच हवी असं मला वाटत नाही. अर्थात वडिलांबद्दल बोलताना तो आपोआप स्पॅनिशमध्ये शिरत असेल तर गोष्ट वेगळी. दोन भाषांत वाढलेली माणसं हिशेब एका भाषेत सांगतात आणि रडतात दुसऱ्या भाषेत. असा असेल तर दोन्ही भाषा येणारा थेरपिस्टच बघा, थोडं थांबावं लागलं तरी.

शोधायला सायकॉलॉजी टुडे मासिकाच्या वेबसाइटवर थेरपिस्टांची यादी आहे, तीत भाषा, विमा आणि परवान्यानुसार चाळता येतं. लॅटिनएक्स थेरपी आणि इन्क्लुसिव्ह थेरपिस्ट्स या याद्याही बघा. कॅलिफोर्नियाचा परवाना असला म्हणजे झालं. नवरा राज्यात बसून व्हिडिओवर बोलणार असेल तर थेरपिस्ट लॉस एंजेलिसला असला तरी चालतो. याद्यांमधली वर्णनं फार मनावर घेऊ नका. 'सांस्कृतिकदृष्ट्या संवेदनशील' असा टिळा तिथे सगळ्यांनीच लावलेला असतो.

खरी परीक्षा पहिल्या फोनवर. बहुतेक थेरपिस्ट दहा-पंधरा मिनिटं फुकट बोलतात. नवऱ्याने स्वतः बोलावं आणि फीबरोबर एवढं विचारावं: "माझे वडील गेले, आईची जबाबदारी माझ्यावर आहे, ती सोडायची माझी इच्छा नाही, पण मी थकलोय. तुम्ही सुरुवात कुठून कराल?" आणि मग गप्प बसून ऐकावं. जो उलट प्रश्न विचारतो तो चांगला: वडील कसे होते, भावंडं आहेत का, आईला काय हवंय, शनिवारी माडेराला गेल्यावर दिवस कसा जातो. जो लगेच तंत्रांची नावं सांगतो त्याला बाजूला ठेवा. "मला लॅटिनो संस्कृती फार आवडते, कुटुंबाला तुम्ही खूप मानता ना" असं म्हणणाऱ्याला तर आधी. पुस्तकातून शिकलेलं कुटुंबप्रेम तो नवऱ्याच्या अंगावर घालेल, आणि ज्या दिवशी नवऱ्याला म्हणायचं असेल की कधीकधी आईचा भयंकर राग येतो, त्या दिवशी त्याला तिथे जागा उरणार नाही.

आणखी एक विचारावं: गरज पडली तर एका भेटीला आईला किंवा बायकोला आणता येईल का? मी आणू देते. आई समोर बसली की मुलाने महिनाभर सांगितलेलं दहा मिनिटांत दिसतं. काही चांगले थेरपिस्ट यासाठी वेगळ्या कुटुंब-थेरपिस्टकडे पाठवतात, त्यातही गैर नाही. "छे, असं आम्ही कधीच करत नाही" एवढंच उत्तर मिळालं तर मी पुढचा फोन लावेन.

पहिल्या तीन-चार भेटींत बरं वाटेलच असं नाही, उलट वडिलांचा विषय निघाल्यावर झोप आणखी बिघडू शकते. बघायचं ते हे की समोरचा चुकीचं समजला आणि नवऱ्याने "तसं नाही" म्हटलं, तर तो ऐकून घेतो का. आमच्या धंद्यात चुकीचं समजणं रोजचंच असतं. नवऱ्याची अडचण अशी असणार की मोठ्या, शिकलेल्या माणसाला तोंडावर "तसं नाही" म्हणणं त्याच्या घरच्या शिस्तीत बसत नाही. तो "येस, थँक यू" म्हणेल आणि पुन्हा जाणार नाही. मागच्या वेळी हेच झालं असावं. हे त्याच्याशी आधी बोलून ठेवा.

थेरपी हा शब्दच त्याला नको झाला असेल तर आग्रह धरू नका. सॅन होजेत नॅशनल कंपाद्रेस नेटवर्कचं काम आहे. ते लॅटिनो पुरुषांची वर्तुळं भरवतात, बाप, मुलगा, नवरा यांवर पुरुष एकमेकांत बोलतात. काही जण तिथूनच थेरपीला येतात, काहींना तेवढंच पुरतं. किंवा झोपेच्या तक्रारीवरून नेहमीच्या डॉक्टरकडे जाऊ द्या. तिथून पुढची चिठ्ठी मिळाली की 'डॉक्टरने सांगितलं' म्हणून जाणं त्याला सोपं पडेल. तो पिऊ लागला असेल, गाडी चालवताना डुलक्या येत असतील, तर मात्र वाट बघू नका.

तुम्ही स्वतः किती मध्ये पडायचं? शोधाशोध करा, फोन नंबर काढून द्या, अपॉइंटमेंटच्या दिवशी गाडी चालवा. भेटीत काय बोलणं झालं ते विचारू नका. त्याने लेखी परवानगी दिल्याशिवाय थेरपिस्ट तुम्हाला काही सांगणार नाही, पण तुम्ही थेरपिस्टला माहिती देऊ शकता. सासूबाईंच्या बाबतीतही तसंच. तिकडे मात्र तो परवानगीचा फॉर्म पहिल्याच भेटीत त्यांच्या भाषेत समजावून सही करून घेतलेला बरा, नाहीतर औषधाबद्दल फोनवर कोणी काही सांगणार नाही.

शेवटी विमा. कंपनीच्या यादीतले निम्मे थेरपिस्ट नवे पेशंट घेत नाहीत, काहींचे नंबर बंद असतात, ते सगळ्यांनाच भोवतं. प्रत्येक फोनची तारीख आणि उत्तर एका वहीत लिहून ठेवा. कॅलिफोर्नियाच्या नियमाप्रमाणे तातडी नसली तरी थेरपिस्टची पहिली भेट १० कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवी, आणि जुलै २०२२ पासून पुढच्या भेटींनाही हीच मुदत आहे. यादीत कोणी मिळत नसेल तर यादीबाहेरचा माणूस यादीच्याच दरात देणं विमा कंपनीवर बंधनकारक आहे. ती वही समोर ठेवून विमा कंपनीकडे तक्रार करा, उत्तर नाही आलं तर राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ मॅनेज्ड हेल्थ केअरच्या मदत केंद्राकडे. फक्त आधी नवऱ्याच्या एचआरला एक विचारा: आपली योजना कंपनी स्वतःच्या पैशातून चालवते का? सॅन होजेच्या मोठ्या कंपन्यांत बहुधा तसंच असतं, आणि अशा योजनांना राज्याचे हे नियम लागू होत नाहीत. मग तक्रार केंद्राच्या श्रम खात्याकडे जाते आणि तिचा मसुदा वेगळा करावा लागतो. एचआरचं उत्तर आलं की कळवा, त्याप्रमाणे तक्रारीत काय लिहायचं ते सांगेन.